डिस्क मेली तर मशीन परत कसं उभं राहील?

युनिक्स मशीनवर डिस्कची वाटणी एकदाच होते, इन्स्टॉल करताना, आणि तीही बहुधा घाईत. इन्स्टॉलर विचारतो, आपण ‘सगळं एकाच पार्टिशनमध्ये’ निवडतो आणि पुढे जातो. बॅकअपचा विषय निघतो तो नंतर कधीतरी, मशीनवर कामाचं काही साचलं की. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी ठरतात, कित्येकदा वेगवेगळी माणसं ठरवतात, त्यामुळे त्यांचं एकमेकींशी काही नातं आहे हे लक्षातच येत नाही. माझ्या मते हा एकच निर्णय आहे. कुठली फाइल कुठल्या फाइल सिस्टिमवर (फाइली ठेवायच्या डिस्कवरच्या रचनेवर) राहणार हे ठरवलं, की तिचा बॅकअप किती वेळा निघणार आणि डिस्क गेल्यावर ती किती वेळात हाती येणार हेही बरंचसं ठरून जातं.

पूर्वी हे उघड्या डोळ्यांना दिसायचं. युनिक्सचे जनक डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांनी १९७४ साली युनिक्सची ओळख करून देणारा निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांच्या पीडीपी-११/४५ मशीनचं वर्णन आहे. स्थिर हेडची एक एमबीची डिस्क, प्रत्येकी अडीच एमबीची काढता-घालता येणारी डिस्क-काडतुसं घेणारे चार ड्राइव्ह, आणि ४० एमबीच्या डिस्कपॅकचा एक ड्राइव्ह. एवढ्या तुटपुंज्या जागेत सगळं एका डिस्कवर ठेवायचा प्रश्नच नव्हता. काय कुठे राहणार याचा हिशोब रोज डोक्यात ठेवावा लागे. वापरकर्त्यांची डिस्क /यूएसआर या नावाने जोडलेली असायची. सिस्टिमची डिस्क पुरेनाशी झाली तेव्हा प्रोग्रामही तिकडे सरकले, आणि काही जरुरीचे प्रोग्राम /बिनमध्ये, बाकीचे /यूएसआर/बिनमध्ये अशी विभागणी पुढे कित्येक दशकं टिकली. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१२ साली १७व्या आवृत्तीत ती मोडीत काढली, इतरही हळूहळू त्याच वाटेने गेले.

बॅकअपचं साधनही वाटणीला बांधलेलं होतं. सत्तरच्या दशकात आलेली डंप ही कमांड सुट्या फाइलींचा विचारच करत नाही, ती अख्खी फाइल सिस्टिम उचलते. तिच्यात शून्य ते नऊ अशा पातळ्या असतात. शून्य म्हणजे सगळं, आणि वरची कुठलीही पातळी म्हणजे तिच्याहून खालच्या पातळीचा शेवटचा डंप झाल्यापासून जे बदललं तेवढंच. डंपच्या मॅन्युअलमध्ये रोजच्या पातळ्यांसाठी ३, २, ५, ४, ७, ६, ९, ८ असा वरवर विचित्र वाटणारा क्रम सुचवलेला आहे. हॅनॉयच्या मनोऱ्यांच्या कोड्यावरून घेतलेला. बहुतेक बदल निदान दोन टेपांवर जावेत, म्हणजे एखादी टेप खराब निघाली तरी काम अडत नाही, ही त्यामागची युक्ती. आणि रात्री टेप बदलायला कोण थांबणार? म्हणून पार्टिशन एका टेपवर मावेल एवढंच ठेवायची रीत पडली. आजही फाइल सिस्टिमची यादी ठेवणाऱ्या /ईटीसी/एफएसटॅब या फाइलीत प्रत्येक ओळीचा पाचवा रकाना डंपसाठीच राखलेला आहे. त्यात बहुतेक ठिकाणी शून्य लिहिलेलं असतं आणि तो कशाला आहे हे विचारायच्या फंदात कोणी पडत नाही.

टेप गेली, डिस्का अवाढव्य झाल्या, आणि वाटणीचा विचार मागे पडला. प्रश्न मात्र तोच राहिला.

झाड एक, मुळं अनेक

ज्यांनी युनिक्स आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडंसं. इथे ड्राइव्हला अक्षरं नसतात. सगळ्या डिरेक्टऱ्या (फोल्डर) ‘/’ या एकाच टोकाला लटकलेल्या असतात, त्याला रूट म्हणतात. डिस्कचे तुकडे पाडले की प्रत्येक तुकडा म्हणजे एक पार्टिशन. त्यावर फाइल सिस्टिम घातली, की ती या झाडातल्या एखाद्या रिकाम्या डिरेक्टरीवर जोडतात, म्हणजेच माउंट करतात. /होममध्ये शिरणाऱ्याला आपण दुसऱ्या डिस्कवर आलो हे कळतही नाही.

पण सीमा असते, आणि ती काही ठिकाणी टोचते. हार्डलिंक, म्हणजे एकाच फाइलचं दुसरं नाव, ती ओलांडू शकत नाही. एका फाइल सिस्टिममधल्या फाइलचं नाव बदलणं क्षणात होतं, तीच फाइल दुसऱ्या फाइल सिस्टिमवर हलवायची तर पूर्ण कॉपी होते आणि मग मूळ पुसली जाते. एका बाजूची जागा संपली तर दुसरीकडची मोकळी जागा उपयोगी पडत नाही. वाटणीची किंमत हीच, आणि फायदाही हाच: एका बाजूचा पसारा दुसरीकडे जात नाही.

आता सीमा कुठे आखायच्या? प्रत्येक डिरेक्टरीसमोर उभं राहून मी तीन गोष्टी विचारतो. ही गेली तर दुसरीकडून परत मिळेल का? ही आपोआप फुगते का? आणि हिच्यात कोण लिहितं?

/ईटीसी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मौल्यवान. मशीनचं सगळं वळण, म्हणजे नेटवर्क, वापरकर्ते, सेवा, माउंटची यादी, इथल्या साध्या मजकुराच्या फाइलींत असतं. सगळं मिळून बहुधा काही एमबीच. तरी वर्षानुवर्षं कोणीकोणी केलेले बारीकसारीक बदल इथेच साठतात आणि ते जगात दुसरीकडे कुठेही नसतात. म्हणून याचा बॅकअप रोज घ्या, कितीही प्रती ठेवा, जागेचा प्रश्नच येत नाही. बदलांचा इतिहास हवा असेल तर ईटीसीकीपर नावाचं साधन ही डिरेक्टरी गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनात ठेवतं. नुसतं गिट वापरलं तर फाइलींचे मालक आणि बहुतेक परवानग्या हरवतात. ईटीसीकीपर त्या वेगळ्या नोंदवून ठेवतं. मात्र इथेच /ईटीसी/शॅडोमध्ये पासवर्डचे हॅश (सांकेतिक ठसे) असतात आणि /ईटीसी/एसएसएचमध्ये दुरून लॉगिन करायच्या एसएसएच सेवेच्या खाजगी किल्ल्या. याचा बॅकअप म्हणजे घराच्या किल्ल्यांचा जुडगा आहे असं समजून तो एन्क्रिप्ट करून ठेवावा आणि सगळ्यांना वाचता येईल अशा जागी टाकू नये.

/यूएसआर याच्या उलट. कित्येक जीबी भरतं, पण जवळजवळ सगळं पॅकेजमधून, म्हणजे वितरणाने तयार दिलेल्या प्रोग्रामच्या गठ्ठ्यांतून आलेलं. ते परत उतरवता येतं. त्याच्या बॅकअपऐवजी बसवलेल्या पॅकेजची यादी रोज एका फाइलीत काढून /ईटीसीबरोबर ठेवली तर काही केबीत काम भागतं. अपवाद /यूएसआर/लोकलचा. हाताने बांधून बसवलेले प्रोग्राम आणि कुणीतरी लिहिलेल्या स्क्रिप्ट तिथे राहतात, पॅकेज मॅनेजरला त्यांचा पत्ता नसतो. /ऑप्टचंही तसंच. ही दोन ठिकाणं वगळलेली बॅकअपची यादी मी इतक्यांदा पाहिली आहे, की कुठलीही यादी समोर आली तर आधी तेच शोधतो.

/व्हार ही खरी गुंतागुंतीची जागा. कामाच्या ओघात बदलणारं सगळं इथे: लॉग, कॅश, मेलच्या रांगा, डेटाबेस. ‘तिथे काय, लॉगच तर असतात’ असं म्हणून कोणी अख्खं /व्हार वगळतं, आणि रिस्टोरच्या दिवशी लक्षात येतं की डेटाबेस /व्हार/लिबमध्ये होता. वापरकर्त्यांच्या क्रॉनच्या नोंदी /व्हार/स्पूलमध्ये असतात. रात्री आपोआप चालणारी कामं गेलीत हे लगेच कळतही नाही, महिनाअखेरचा अहवाल आला नाही की कळतं. याउलट /व्हार/कॅश निर्धास्तपणे वगळावं. लॉगचं कामावर अवलंबून. काही ठिकाणी ते कायद्याने जपावे लागतात, मग ते मशीनवर साठवण्यापेक्षा दुसऱ्या मशीनकडे लगेच पाठवणं चांगलं. तर /व्हार अख्खं घ्या किंवा अख्खं सोडा असं चालत नाही, आत शिरून एकेक डिरेक्टरी पाहावी लागते.

/होमबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ते माणसांचं काम आहे, ते परत मिळत नाही, घ्या.

/प्रॉक, /सिस, /डेव्ह आणि /रन यांतलं हल्लीच्या लिनक्सवर डिस्कवर काहीच नसतं. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ती माहिती मेमरीतून फाइलींच्या रूपात दाखवतो. न वगळता रूटपासून सगळं कॉपी करायला घेतलं तर ६४-बिट इंटेल-एएमडी मशीनवर /प्रॉक/केकोर नावाची १२८ टीबीची दिसणारी फाइल भेटते आणि बॅकअप संपतच नाही. यादी करून वगळण्यापेक्षा ‘याच फाइल सिस्टिमवर राहा, माउंट ओलांडू नकोस’ हा पर्याय वापरणं सोपं. टार आणि आरसिंक या कॉपी करायच्या दोन्ही साधनांत तो आहे. पण मग /होम वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तेही त्याच नियमाने वगळलं जातं! वाटणी आणि बॅकअप एकत्र ठरवायचे ते याचसाठी. नंतर कोणी /व्हार/लिबखाली नवी डिस्क जोडली आणि बॅकअपच्या यादीत नोंद केली नाही, तर बॅकअप रोज ‘यशस्वी’ होत राहतो आणि डेटाबेस त्यात नसतो.

सीमा आखताना

एकच मोठं रूट पार्टिशन ठेवायला काय हरकत आहे? घरच्या लॅपटॉपवर काही नाही. सर्व्हरवर हरकत आहे ती जागा संपण्याची. एखादी सेवा बिघडते, सेकंदाला शेकडो ओळी लॉगमध्ये ओतते, आणि पहाटेपर्यंत डिस्क भरते. रूट भरलं की बाकीच्यांनाही लिहायला जागा उरत नाही. डेटाबेस थांबतो. पासवर्ड बदलता येत नाही, कारण नवी फाइल आधी लिहून मग जुनीच्या जागी ठेवायची असते. घाबरून कोणी कॉन्फिगरेशनची फाइल उघडून सेव्ह करतं आणि काही एडिटर तिथे शून्य बाइटची फाइल ठेवून मोकळे होतात. /व्हार किंवा निदान /व्हार/लॉग वेगळं असेल तर लॉग भरतात, बाकी मशीन चालू राहतं, आणि तुम्हाला आत शिरून साफसफाई करता येते.

लिनक्सवरच्या एक्स्ट ४ फाइल सिस्टिममध्ये यासाठी ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी, म्हणजे मशीनच्या प्रशासकासाठी, राखलेली असते. बर्कलेच्या जुन्या फास्ट फाइल सिस्टिममध्ये ती १० टक्के होती, आणि तिथे कारण वेगळं होतं: डिस्क तुडुंब भरली की फाइलींना सलग जागा मिळत नाही आणि वेग पडतो. आजच्या २ टीबीच्या डेटा डिस्कवर ५ टक्के म्हणजे १०० जीबी. नुसता डेटा ठेवायच्या डिस्कवर ही राखीव जागा कमी करायला हरकत नाही, रूट पार्टिशनवर मात्र तिला हात लावू नये.

दुसरं कारण परवानग्यांचं. माउंट करताना प्रत्येक फाइल सिस्टिमला स्वतंत्र अटी घालता येतात: इथून प्रोग्राम चालवायचा नाही, इथल्या सेटयूआयडीला (प्रोग्राम त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालवणाऱ्या खुणेला) मान द्यायचा नाही, इथे डिव्हाइस फाइली मानायच्या नाहीत. /टेम्पमध्ये कोणीही लिहू शकतं, म्हणून तिथे या अटी घालायची पद्धत आहे. एकाच पार्टिशनमध्ये सगळं असेल तर हे तितकं सरळ राहत नाही.

किती मोठं काय ठेवायचं, याचं उत्तर कोणीही आधी बरोबर देत नाही. मोघम अंदाजाने पाडलेली पार्टिशनं दोन वर्षांनी चुकीची ठरतातच. /होममध्ये ढीगभर जागा मोकळी आणि /व्हार गुदमरलेलं, हे दृश्य नेहमीचं. म्हणून लिनक्सवर एलव्हीएम हा मधला थर घालावा. डिस्का एका साठ्यात टाकायच्या आणि त्यातून हवे तेवढे तुकडे द्यायचे. इथे लोक एक चूक हमखास करतात: साठ्यातली सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकतात. वाढवणं चालू मशीनवर दोन मिनिटांत होतं. कमी करणं अवघड: एक्स्ट ४ लहान करायला ती आधी झाडातून सोडवावी, म्हणजे अनमाउंट करावी लागते, आणि एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम लहान करून हवी तेवढी जागा सोडवणं जमतच नाही. तेव्हा आज लागेल त्याच्या थोडं वर द्या, उरलेलं साठ्यात मोकळं पडू द्या. त्या मोकळ्या जागेचा बॅकअपच्या वेळी स्नॅपशॉट, म्हणजे फाइल सिस्टिमचं त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र, घ्यायलाही उपयोग होतो.

झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांना हा त्रास बराच कमी. तिथे एका साठ्यातून कितीही डेटासेट (स्वतंत्र फाइल सिस्टिमसारखे भाग) निघतात, जागा सामाईक राहते, हवी तिथे मर्यादा घालता येते. पण सीमा कुठे आखायच्या हा विचार तिथेही चुकत नाही, कारण स्नॅपशॉट डेटासेटचा निघतो. डेटाबेस आणि कॅश एकाच डेटासेटमध्ये असतील तर कॅशमधून पुसलेला कचराही जुन्या स्नॅपशॉटांत अडकून जागा खात बसतो.

जागेबद्दलची एक फसवी गोष्ट. ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो आणि हिशोब काही जुळत नाही. दोन शक्यता असतात. एक, मोकळी जागा दाखवणारी डीएफ कमांड तर ४० टक्के मोकळं दाखवते, पण आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदी, संपलेल्या असतात. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि एक्स्ट ४मध्ये त्यांची संख्या फाइल सिस्टिम घालतानाच ठरते, साधारण दर १६ केबीमागे एक. लाखो चिमुकल्या फाइली बनवणाऱ्या मेलच्या किंवा सेशनच्या डिरेक्टरीने ते संपवले, तर बाइट शिल्लक असूनही नवी फाइल बनत नाही. दुसऱ्या शक्यतेत दिसतं ते उलटं: डिस्क भरलेली, पण फाइलींची बेरीज करावी तर तेवढी भरतच नाही. कोणीतरी मोठी लॉग फाइल पुसलेली असते, पण सेवेने ती उघडीच ठेवलेली असते, त्यामुळे नाव गेलं तरी जागा सुटत नाही. सेवा परत सुरू केली की सुटते.

स्वॅपचं, म्हणजे मेमरी कमी पडली तर वापरायच्या डिस्कवरच्या जागेचं, ‘मेमरीच्या दुप्पट’ हे सूत्र फार जुन्या मशीनांचं आहे. लॅपटॉप हायबरनेट करायचा असेल तर मेमरीएवढी जागा लागेल हे धरा, नाहीतर काही जीबी पुष्कळ झाली. स्वॅपचा बॅकअप घ्यायचा नसतो हे सांगायला नको.

जे फाइलींत नसतं

सगळ्या फाइली सुखरूप कॉपी झाल्या तरी नवीन डिस्कवर टाकून मशीन सुरू होईलच असं नाही. काही माहिती फाइलींच्या बाहेर असते. पहिली म्हणजे पार्टिशनचा तक्ता. जुन्या एमबीआर पद्धतीत तो डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी ६४ बाइटांत बसायचा, फक्त चार मुख्य पार्टिशनं, आणि ५१२ बाइटांच्या सेक्टरवर २ टीबीच्या पुढचं त्याला दिसत नसे. नवी जीपीटी पद्धत १२८ नोंदींची जागा ठेवते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी लिहिते. ती प्रत चुकून पुसलेल्या सुरुवातीसाठी चांगली; डिस्कच मेली तर दोन्ही बरोबरच जातात. हा तक्ता मजकूर स्वरूपात काढून देणाऱ्या कमांड आहेत. त्याची फाइल, एलव्हीएमच्या रचनेची फाइल, आणि कोणती फाइल सिस्टिम कुठे जोडली आहे त्याची यादी, एवढं रोज /ईटीसीतच एका डिरेक्टरीत लिहून ठेवलं तर ते आपोआप बॅकअपमध्ये जातं.

दुसरी गोष्ट यूयूआयडी. हल्ली एफएसटॅबमध्ये डिस्कचं नाव न लिहिता फाइल सिस्टिमचा हा लांबलचक क्रमांक लिहितात, कारण डिस्कांची नावं बूटगणिक बदलू शकतात. नवीन डिस्कवर फाइल सिस्टिम घातली की तिला नवा क्रमांक मिळतो, रिस्टोर केलेल्या एफएसटॅबमध्ये जुना असतो, आणि मशीन अर्ध्यावर अडून आपत्कालीन शेल (नुसत्या कमांड द्यायची जागा) समोर ठेवतं. एक तर एफएसटॅब आणि बूटलोडर (मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम) दोन्हीकडे नवा क्रमांक घालायचा, किंवा फाइल सिस्टिम घालतानाच तिला जुना क्रमांक द्यायचा. दुसरा मार्ग मला बरा वाटतो, कमी ठिकाणी हात लागतो. फक्त जुनी डिस्क अजून जोडलेली नाही ना ते पाहा. एकाच क्रमांकाच्या दोन फाइल सिस्टिम समोर आल्या की गोंधळ उडतो. एक्सएफएस तर दुसरी माउंट करायलाच नकार देते.

यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं फर्मवेअर असलेल्या मशीनवर बूटलोडर एका छोट्या फॅट पार्टिशनमध्ये राहतो. ते सहसा /बूट/ईएफआयवर जोडलेलं असतं आणि ‘याच फाइल सिस्टिमवर राहा’ म्हटलं की नेमकं सुटतं.

आणि डिस्क एलयूकेएस या लिनक्सच्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिच्या सुरुवातीचा हेडर. खरी किल्ली त्या हेडरमध्ये असते, तुमचा पासवर्ड फक्त तिच्यापर्यंत पोचवतो. हेडरचे काही सेक्टर खराब झाले तर पासवर्ड बरोबर असूनही मागची सगळी डिस्क निरुपयोगी. एलयूकेएस २मध्ये हा हेडर साधारण १६ एमबीचा असतो. त्याची प्रत काढून दुसरीकडे ठेवा, त्याच एन्क्रिप्टेड डिस्कवर नको.

प्रत काढताना

काही जण डीडी या कमांडने अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढतात. विचार करावा लागत नाही हे तिचं आकर्षण. पण ती रिकामी जागाही कॉपी करते, परत टाकायला तेवढी तरी मोठी डिस्क मागते, आणि चालू मशीनवर काढलेली प्रत आतून विसंगत निघते, कारण सुरुवात वाचून शेवटापर्यंत पोचेस्तोवर मधलं बदललेलं असतं. बंद मशीनसाठी ठीक.

फाइलींच्या पातळीवर टार आणि आरसिंक पुरतात. टार १९७९च्या सातव्या आवृत्तीपासूनचं, आरसिंक अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली आणलेलं. फाइलमधला मजकूर कुठलंही साधन कॉपी करतं. युनिक्समध्ये फाइलभोवतीच्या गोष्टी सांभाळणं हे खरं काम. आरसिंकचा नेहमीचा ‘आर्काइव्ह’ पर्याय मालक, परवानग्या आणि वेळा जपतो, पण हार्डलिंक, एसीएल (जादा परवानग्यांची यादी) आणि विस्तारित गुणधर्म (फाइलला चिकटवलेल्या जादा नोंदी) जपत नाही, त्यांच्यासाठी तीन वेगळे पर्याय आहेत. लिनक्सच्या काही वितरणांत पिंगसारख्या (दुसरं मशीन नेटवर्कवर उत्तर देतं का ते पाहणाऱ्या) कमांडचा विशेष अधिकार विस्तारित गुणधर्मातच लिहिलेला असतो. तो हरवला की सगळं नीट दिसतं, फक्त साध्या वापरकर्त्याचं पिंग चालत नाही, आणि कारण शोधण्यात दुपार जाते.

मालकांची भानगड याहून खोल. फाइल सिस्टिममध्ये मालकाचा क्रमांक असतो, नाव नाही. नाव /ईटीसी/पासवर्ड फाइलमधून येतं. टार दोन्ही नोंदवतं आणि उलगडताना नावाला प्राधान्य देतं. रिस्टोर आपण करतो ते रेस्क्यू पेनड्राइव्हवरून बूट करून, आणि त्या सिस्टिमची पासवर्ड फाइल वेगळी असते. तिथे त्याच नावाला दुसरा क्रमांक असेल तर डेटाबेसच्या फाइली भलत्याच मालकाच्या होतात आणि सेवा सुरू होत नाही. टार आणि आरसिंक दोन्हींत ‘क्रमांकच धर’ असा पर्याय आहे. अख्खी सिस्टिम परत टाकताना तो द्यायचाच.

चालू डेटाबेसच्या फाइली थेट कॉपी करू नयेत, कुठल्याही साधनाने. डेटाबेसचं स्वतःचं डंपचं साधन वापरून निघालेली फाइल बॅकअपमध्ये घ्यावी. फाइल सिस्टिमचा स्नॅपशॉट काढून त्यातून कॉपी केली तर ती वीज गेल्यावरच्या अवस्थेसारखी असते. चांगला डेटाबेस त्यातून सावरतो, पण त्याचे सगळे तुकडे एकाच स्नॅपशॉटमध्ये असले तरच. डेटा एका पार्टिशनवर आणि त्याचा व्यवहारांचा लॉग दुसऱ्यावर, आणि स्नॅपशॉट आगेमागे, असं झालं की ती हमी गेली. बघा, वाटणी इथेही आडवी आली.

स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, म्हणून तो बॅकअप नाही. रेड, म्हणजे एकच डेटा एकाहून जास्त डिस्कांवर ठेवणं, एका डिस्कच्या मरणातून वाचवतं, चुकून दिलेल्या आरएम या पुसायच्या कमांडमधून नाही. ती दोन्ही डिस्कांवर तत्परतेने अमलात येते. रोज आरसिंकने आरसा ठेवणंही तसंच, पुसलेली फाइल रात्री आरशातूनही पुसली जाते. म्हणून जुन्या तारखांच्या प्रती हव्यात. आरसिंकमध्ये मागच्या प्रतीतल्या न बदललेल्या फाइलींना हार्डलिंक करायची सोय आहे, त्यामुळे रोजची डिरेक्टरी पूर्ण दिसते आणि जागा फक्त बदललेल्या फाइलींची लागते. मात्र न बदललेली फाइल खरोखर एकच असते. डिस्कवर ती खराब झाली तर तिसांच्या तीस तारखांत खराब. म्हणून दुसऱ्या माध्यमावर आणि दुसऱ्या जागी निदान एक स्वतंत्र प्रत लागतेच.

बॅकअपची डिस्क /बॅकअपवर माउंट होत असेल तर स्क्रिप्टने आधी ती खरोखर जोडलेली आहे का ते तपासावं. नसेल तर /बॅकअप ही रूटमधली साधी डिरेक्टरी असते, सगळा बॅकअप रूटवर उतरतो आणि ते भरून टाकतो. मग कोणी डिस्क जोडतं, तो ढीग तिच्याखाली झाकला जातो, आणि रूट कशाने भरलंय हे शोधूनही सापडत नाही. शक्य असेल तर बॅकअपच्या मशीनने येऊन फाइली ओढून न्याव्यात. सर्व्हरनेच तिकडे ढकलायच्या म्हटल्या की सर्व्हरकडे तिकडची किल्ली असते, आणि सर्व्हरमध्ये घुसलेल्याकडेही.

३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरची म्हणून मुख्य सर्व्हरवरच्या डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला घेतली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी गेले होते. कंपनीने पुढे सगळं उघडपणे लिहिलं, म्हणून त्यातून शिकता येतं. रोजचा डंप चालतच नव्हता: डंपचं साधन पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६चा. अपयशाची ईमेल निघत होती, पण पलीकडचा मेल सर्व्हर ती नाकारत होता. शेवटी हाती आला तो एलव्हीएमचा एक स्नॅपशॉट, जो एका अभियंत्याने चाचणीच्या सर्व्हरसाठी सहा तास आधी हाताने काढला होता. अपयश कळवणारी ईमेल पुरेशी नसते हे यातून दिसतं. ती आली नाही याचा अर्थ सगळं ठीक असाही होतो आणि ईमेलच मेली असाही. त्यापेक्षा शेवटच्या यशस्वी बॅकअपचं वय दुसऱ्या मशीनने मोजावं आणि ते ठरावीक तासांपेक्षा जास्त झालं की ओरडावं.

तपासणी म्हणजे एखादी फाइल काढून बघणं नव्हे. कोऱ्या आभासी मशीनवर रेस्क्यू माध्यमातून बूट करा. साठवलेल्या तक्त्यावरून पार्टिशनं पाडा, एलव्हीएम आणि फाइल सिस्टिम घाला, जुने यूयूआयडी द्या. सगळं एका डिरेक्टरीखाली आधी रूट, मग त्यात बाकीची, या क्रमाने माउंट करा. क्रम चुकला तर फाइली माउंटच्या खाली गाडल्या जातात. पॅकेजच्या यादीवर भिस्त ठेवली असेल तर आधी किमान सिस्टिम बसवून यादीतलं उतरवा. मग मालकांचे क्रमांक जपत बॅकअप उलगडा, वगळलेल्या /प्रॉक, /सिस, /डेव्ह, /रन आणि /टेम्पच्या रिकाम्या डिरेक्टऱ्या हाताने बनवा, आणि /टेम्पची परवानगी १७७७ करा, नाहीतर अर्ध्या सेवा अडतील. चरूट कमांडने त्या डिरेक्टरीलाच रूट करून आत शिरा, इनिटरॅमएफएस (सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी सिस्टिम) परत बनवा आणि बूटलोडर बसवा. एसईलिनक्स (फाइलींवरच्या लेबलांवरून परवानगी ठरवणारी सुरक्षा) असेल तर रूटमध्ये ‘.ऑटोरीलेबल’ नावाची रिकामी फाइल ठेवा, म्हणजे पहिल्या बूटला लेबलं परत लागतील. मोठ्या डिस्कवर त्याला बराच वेळ लागतो, मशीन अडकलं समजून मधेच बंद करू नका. हे सगळं करताना घड्याळ लावा आणि प्रत्येक अडलेली पायरी एका मजकूर फाइलीत लिहा. ती फाइल कागदावर छापून ठेवा, कारण सर्व्हर बंद असताना सर्व्हरवरची सूचना वाचता येत नाही.